बाई, डस्टर मागितलंय

आमच्या पिढीला प्राथमिक शाळेत भूमिका मिळाली ती बहुतेकांना झाडाची. गॅदरिंगच्या नाटकात एक राजा, एक प्रधान, एक राक्षस आणि मागे सात-आठ झाडं असायची. ज्याचं पाठांतर चोख तो राजा, ज्याच्या घरी जरीचा फेटा तो प्रधान, जो अंगाने थोराड तो राक्षस. उरलेल्यांनी दोन्ही हातांत आंब्याच्या डहाळ्या धरून उभं राहायचं. झाडाला संवाद नसतो, झाडाने हसायचं नसतं, आणि लाल मुंगी डहाळीवरून बाहीत शिरली तरी पडदा पडेपर्यंत झाडाने हलायचं नसतं. एवढी शिस्त आम्ही पाळली. त्या शिस्तीत वाढलेली माणसं आज साठीला टेकली आहेत, आणि सोसायटीच्या सभेत विषय स्वतःच्याच घरातल्या गळतीचा असला तरी समोर आलेला माइक शेजाऱ्याकडे सरकवतात.

आता दुसरीच्या वर्गात डोकावलं तर झाड कुणीच नसतं. बाई, म्हणजे आताच्या मॅडम किंवा ताई, बाकं भिंतीला लावून मुलांना गोलात बसवतात आणि एक अडचण सांगतात. तुझी पेन्सिल शेजारच्याने न विचारता घेतली. वर्गात नवी मुलगी आलीय, तिचे आईवडील बांधकामावर आहेत, तिला आपली भाषा नीट येत नाही. मधल्या सुट्टीत तुला कुणी खेळायला घेत नाही. दोघादोघांच्या जोड्या लागतात, कोण काय होणार ते मुलं आपसांत ठरवतात, आणि अर्ध्या वर्गाची भांडणं नि अर्ध्या वर्गाची समजूत काढणं एकाच वेळी सुरू होतं. कानठळ्या बसतात. मग मॅडम टाळी वाजवतात आणि भूमिका बदलतात. पेन्सिल घेणारा आता पेन्सिल गेलेला. सगळी मेख या अदलाबदलीत आहे. दोन मिनिटांपूर्वी "मी तर नुसती बघायला घेतली" म्हणणारा गडी आता तेच वाक्य समोरून ऐकतो, आणि ते त्याला अजिबात पटत नाही. शेवटी पुन्हा गोल, आणि मॅडमचा प्रश्न एकच : तेव्हा तुला कसं वाटलं?

आम्हाला कसं वाटलं, हे प्राथमिकच्या चार वर्षांत कुणी विचारलं नाही. पेन्सिलीचं भांडण गुरुजींपुढे गेलं की दोघांनाही छडी बसायची, म्हणजे न्याय समान. मग दोघांनी कान धरून एकमेकांकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे समेट. गंमत अशी की समेट खरोखर व्हायचा. दोघांचे तळवे लाल झाले की दोघांची युती गुरुजींविरुद्ध होई आणि पेन्सिल कोणाची हा मुद्दा बाजूला पडे. आज हे प्रसंग आम्ही रंगवून सांगतो. ते छडीमुळे गोड झाले की पन्नास वर्षं उलटल्यामुळे, हे तपासायला काही बसत नाही. छडीच्या भीतीने ज्याने चौथीत शाळा सोडली तो आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही. त्यामुळे त्याच्या आठवणी कुणी फॉरवर्डही करत नाही.

नव्यांच्या बाजूला कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली, आणि कलम 29 ने मुलाला भीतीपासून मोकळं ठेवणं, त्याला आपलं मत मोकळेपणाने मांडू देणं शाळेच्या कामात धरलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक मूल्यमापनाच्या 'तोंडी काम' या रकान्यात प्रकटवाचन, मुलाखत, गटचर्चा यांच्या शेजारी 'भूमिकाभिनय' येऊन बसला. आम्हाला जे वर्षातून एका संध्याकाळी मिळे, आणि तेही डहाळ्या धरून, ते आता कुठल्याही मंगळवारी तिसऱ्या तासाला मिळू शकतं.

बरं, तेव्हा हे कुणाला सुचलंच नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. भावनगरच्या गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला मास्तर चौथीच्या वर्गाला गोष्टी सांगतो, पोरांना नाटकं करायला लावतो. पुस्तक स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीचं. गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेलं. 1959 मध्ये सुधा करमरकरांनी रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं आणि मुलांचं नाटक ही गंभीरपणे करायची गोष्ट आहे, हे मुंबईला दिसलं. म्हणजे 'आमच्या काळी' सगळं होतं. आमच्या गावाला येणाऱ्या एसटीत ते कधी बसलं नाही, इतकंच.

आमच्या वर्गात नाटक व्हायचं ते दिपोटी, म्हणजे शाळातपासनीस साहेब, तपासणीला यायचे त्या दिवशी, आणि त्यात मुख्य भूमिका गुरुजींची असायची. त्या दिवशी ते आम्हाला 'बाळांनो' म्हणत. छडी फळ्यामागे जाई. आठवडाभर घोटून घेतलेले प्रश्न ते आत्ताच सुचल्यासारखे विचारत आणि आम्ही ते पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करून क्षणभर थांबत असू. तो क्षणभराचा विराम कुठल्याही नाट्यशिबिरात शिकवून यायचा नाही.

तरीही आम्ही बोलायला शिकलोच की! पण वर्गात नाही, वर्गाच्या दारात.

"जा रे, तिसरी 'ब'मधून डस्टर घेऊन ये." हा हुकूम सुटला की आमची पहिली खरी भूमिका सुरू होई, निरोप्याची. व्हरांड्यातून जाताना वाक्य घोकायचं. तिसरी 'ब'च्या उंबऱ्याबाहेर थांबायचं, आत पाय टाकायचा नाही. बाई फळ्यावर लिहीत असल्या तर त्यांनी वळेपर्यंत ताटकळायचं. खोकायचं की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. तोवर अख्खा वर्ग आपल्याकडे बघत असतो, आणि त्यातला आपल्याच गल्लीतला एकजण हसवायला मुद्दाम डोळे तिरळे करत असतो. शेवटी "बाई, मी आत येऊ का?" आणि बाईंनी मान हलवली की एका दमात, "बाई, आमच्या बाईंनी डस्टर मागितलंय." मग टेबलापर्यंतची ती पाच-सहा पावलं. डस्टर घ्यायचं, भुकटी त्यांच्या वर्गात सांडू द्यायची नाही, आणि बाहेर आल्यावर मात्र ते भिंतीवर दोनदा दाणकन आपटून पांढरा ढग उडवायचा. हा आमचा मेहनताना. काहीजण दारापर्यंत जाऊन तसेच परत यायचे आणि "बाई, त्यांच्या वर्गात पण नाहीये" असं ठोकून द्यायचे. तेही एक संभाषणकौशल्यच म्हणा.

वाढदिवसाच्या गोळ्यांचं तसंच. वर्गात वाटून झालं की सगळ्या वर्गांवर जाऊन बाईंना गोळी द्यायची, आणि सोबतीला एक मित्र न्यायचा. कुणाला न्यायचं हा प्रश्न आदल्या रात्री झोप उडवायचा. ज्याला नेलं तो आठवडाभर आपला, ज्याला नेलं नाही तो महिनाभर दुसऱ्याचा. मुत्सद्देगिरीचे पहिले धडे तिथे मिळाले. आता बऱ्याच शाळांत गोळ्या वाटायला मनाई आहे, आणि दात नि फुकटची तुलना दोन्हींचा विचार केला तर मनाई योग्यच आहे. ज्याच्या घरी गोळ्यांना पैसे नव्हते तो मुलगा आपला वाढदिवस नेमका सुट्टीतच येतो असं सांगायचा. आम्ही कधी हिशेब करून पाहिला नाही.

शाळेबाहेर तर भूमिकांची रांग लागलेली असे. वाण्याकडे जाऊन "आईने सांगितलंय, मागचं पुढच्या महिन्यात देते, आत्ता अर्धा किलो साखर लिहून ठेवा" हे चार गिऱ्हाइकांदेखत म्हणायला काय धैर्य लागतं, हे ज्याने म्हटलंय त्यालाच ठाऊक. शेजारच्यांकडे आलेला फोन घ्यायचा, पुण्याच्या काकांचा निरोप ऐकायचा, फोनचं बिल काकांचं आहे हे लक्षात ठेवून लवकर आवरायचं आणि शेजारच्या काकूंना "येते हं" म्हणून निघायचं. आलेल्या पाहुण्याला पाणी देऊन "बाबा आत्ताच बाहेर गेलेत" असं सांगायचं, बाबा आतल्या खोलीत असताना. हे सगळं कुणी शिकवलं नाही, करायला लावलं.

आज हेच सारं वर्गात करून घ्यावं लागतं, कारण घराला आता निरोप्या लागत नाही. फोन ज्याचा त्याच्या हातात, साखर दहा मिनिटांत दारात, आणि पाहुणे येण्याआधी कळवतात. म्हणून दुसरीच्या खोलीच्या कोपऱ्यात खोक्यांचं दुकान मांडतात, पुठ्ठ्याच्या नोटा कापतात आणि एकाला वाणी, एकाला गिऱ्हाईक करतात. गणितही होतं, बोलणंही होतं. आम्ही आधी हसलो. मग एका जिल्हा परिषदेच्या शाळेत असं दुकान चाललेलं बघितलं. वाणीण होती सात वर्षांची, दोन वेण्या, एक रिबन सुटलेली. गिऱ्हाइकाने साबण मागितला. तिने आधी विचारलं, "घरून चिठ्ठी आणलीय का?" मग खोक्याच्या कडेला चिकटवलेल्या, पेनाने ठिपके ठिपके काढलेल्या चौकोनाकडे बोट दाखवलं. गिऱ्हाइकाने हाताचा पंजा त्याच्यापुढे धरला, त्याबरोबर तिने मान ताठ करून, आवाज सपाट करून यंत्रासारखं जाहीर केलं, "पन्नास रुपये प्राप्त झाले." यातलं काहीच तिला मॅडमने सांगितलेलं नव्हतं. रोख देणाऱ्या पुढच्या मुलाला तिने "सुट्टे नाहीत, चॉकलेट घ्या" म्हणून वाटेला लावलं. आमच्या उधारीच्या वहीइतकंच हेही अस्सल होतं, हे कबूल करणं भाग आहे.

आमची भातुकली मात्र कुणी बघितली नाही, आणि तेच तिचं भाग्य. जिन्याखाली चुरमुऱ्यांचा भात नि गुळाची आमटी शिजायची, बाहुलीच्या लग्नात मानपानावरून विहिणी रुसायच्या, आणि एखादं मोठं माणूस वाकून बघायला लागलं की खेळ तिथल्या तिथे थिजायचा. शाळा-शाळा खेळताना जिन्याचे गज हे विद्यार्थी असत आणि बाई झालेली ताई त्यांना फूटपट्टीने सडकून काढी. प्रत्येक गजाला नाव होतं, आणि एक गज रोज मार खाई. आम्ही नवं काही खेळत नव्हतो. जे बघत होतो तेच गिरवत होतो. भातुकलीतला बाबा ऑफिसातून आला की "चहा टाक" म्हणे आणि त्याहून जास्त काम त्याला नसे. त्या भूमिका आमच्यात इतक्या भिनल्या की पुढे चाळीस वर्षं आम्ही त्याच वठवल्या. आता वर्गातल्या खोट्या घरात मुलगा पोळ्या लाटतो, मुलगी बाइकची किल्ली फिरवत "आलेच" म्हणून बाहेर पडते. दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नाही. आम्हाला वाटतं.

भूमिका वाटण्याची आमची रीत तर उगाळूच नये. गोरी मुलगी भारतमाता, सावळी मुलगी शूर्पणखा, हे ठरलेलं. चौथीला 'शिवछत्रपती' लागलं की अफझलखान कोण होणार यावर वर्गात रण माजे, आणि शेवटी गुरुजी ज्याच्याकडे बोट दाखवत तो मुलगा का निवडला, हे त्याचं आडनाव बघून आम्हालाही कळायचं. पण आम्ही वाघनखं पुठ्ठ्याची करावी की पत्र्याची, यावर चर्चा करत होतो. डस्टर आणायला कुणालाही पाठवत. गुरुजींचं पाणी आणायला कुणाला पाठवत नसत, हे आज आठवून पाहिलं की त्या गोड दिवसांची चव जिभेवर नीट बसत नाही. आता चिठ्ठ्या टाकतात. राक्षस कुणाच्याही वाट्याला येतो, आणि आल्यावर तो मुलगा आनंदाने किंचाळतो.

आणि एक भूमिका आम्हाला कधी मिळालीच नाही. 'नाही' म्हणणाऱ्याची. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हात लावला तर अंग चोरायचं नाही, काकांनी मांडीवर बसायला बोलावलं तर बसायचं. एवढंच शिकवलं होतं. आता पहिली-दुसरीत एक मूल अनोळखी माणूस होतं, एक ओळखीचाच माणूस होतं, आणि तिसरं मूल मागे सरून मोठ्याने "नको!" म्हणतं, धावत जाऊन विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगतं, मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 हा नंबर पाठ म्हणून दाखवतं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पोक्सो कायदा 2012 चा. त्याच्या आधीच्या सगळ्या बालपणांत काय काय झाकलं गेलं, ते आमच्या वयाच्या बायका आता आता कुठे बोलू लागल्या आहेत. पुरुष अजून फारसे नाहीत. ते "नको!" पहिल्या प्रयत्नाला पुटपुटल्यासारखं येतं. मॅडम पुन्हा म्हणायला लावतात. तिसऱ्या वेळी व्हरांड्यात ऐकू जातं. आमच्या सगळ्या गोळ्या, डस्टरं आणि वाण्याच्या वह्या एका पारड्यात टाकल्या तरी या एका तासापुढे त्या वर उचलल्या जातील.

मग रडतोय कशासाठी? कट्टीसाठी, बहुतेक. दोघींची कट्टी झाली की एक तिसरी मध्यस्थ लागे. "तिला सांग, माझी गोष्टीची वही परत दे." समोर हातभरावर उभी असलेली 'ती' ऐकायची आणि म्हणायची, "तिला सांग, आधी माझं खोडरबर." तिसरीने दोन्ही वाक्यं इमानदारीत पुन्हा उच्चारायची. हे चार दिवस चाले आणि पाचव्या दिवशी तिसरीला बाजूला सारून दोघी परत एक होत, मध्यस्थावर कट्टी. आणि लिंबूटिंबू! कुणाचा धाकटा भाऊ मागे लागला तर त्याला खेळात घ्यायचा, पण बाद करायचा नाही. त्याला वाटायचं आपण खेळतोय, आम्हाला वाटायचं आपण उदार आहोत. हे नियम कुठल्या परिपत्रकात नव्हते. लिंबूटिंबूचा घटक नव्हता, कट्टीचा शिक्षक-हस्तपुस्तिकेत तास नव्हता. आणि हो, ज्याला कुणीच लिंबूटिंबू म्हणूनही घेतलं नाही तो कठड्यावर बसून राही, हेही तितकंच खरं. त्याची दखल घेणाराही कुणी नव्हता.

आता सगळ्याची दखल आहे, आणि तिथेच आमचं मन जरा अडतं. भूमिकाभिनय झाला की त्याची वर्णनात्मक नोंद करावी लागते. चाळीस मुलांच्या चाळीस वेगळ्या नोंदी कुठून सुचणार? मग तयार नोंदींची पीडीएफ फिरते, आणि "भूमिकेशी समरस होऊन संवाद म्हणतो" हे एकच वाक्य तालुकाभर उतरतं. एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात दोन-तीन इयत्ता, शिवाय पोषण आहाराचा हिशेब आणि कसली ना कसली ऑनलाइन माहिती. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शहरातल्या शाळांत वेगळंच. तिथे भाजीवालीची भूमिका असली की नऊवारी भाड्याने येते, टोपलीतली वांगी सुपरमार्केटची, आणि वाक्यं आईने आदल्या रात्री पाठ करून घेतलेली. मुलगी बोलते समोरच्या गिऱ्हाइकाशी, बघते मोबाइलकडे. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर व्हिडिओ येतो आणि चाळीस अंगठे वर होतात. आमच्या झाडाचा निदान फोटो तरी नाही.

दिवाकरांच्या नाट्यछटा आम्ही वक्तृत्व स्पर्धेत हातवारे करून म्हणत असू. त्यात बोलणारा एकटाच असतो, समोरच्याचं बोलणं आपण मनात ऐकायचं. आमच्या पिढीची बोलण्याची तालीम बरीचशी तशीच झाली. जे बोलायचं ते आम्ही मनात बोललो, साहेबांशी, सासऱ्यांशी, सावकाराशी, आणि तोंडाने 'हो' म्हणालो. आजच्या मुलांना समोर खरंच कुणीतरी उभं असतं आणि ते उत्तर देतं. हे चांगलं आहे, आमच्याहून पुष्कळ चांगलं आहे. काढायचंच झालं तर तेवढा मोबाइल काढावा.

बाकी काम शाळेवर टाकू नका. वर्गातल्या पुठ्ठ्याच्या नोटा शाळेने दिल्या, पण खरा वाणी काही वर्गात येऊन बसणार नाही. रस्ता ओलांडायचा नसेल, दुकान कोपऱ्यावर असेल आणि वाणी ओळखीचा असेल, तर या रविवारी पोरीच्या हातात पिशवी आणि शंभराची नोट द्या, काय आणायचं ते एकदाच सांगा, चिठ्ठी लिहून देऊ नका. वाण्याला आधी फोन करून ठेवू नका. आणि परत आल्यावर हिशेबात पाच रुपये कमी भरले, तर पहिल्या खेपेला तरी विचारू नका.